फोटोची रचना शिकताना: बेळगावच्या गल्लीपासून गोकाकच्या कड्यापर्यंत

पावसाळा सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं मोबाईल नाहीतर नवा कॅमेरा घेऊन धबधब्यांकडे निघतात. परत येतात तेव्हा बहुतेकांकडे तोच फोटो असतो: मधोमध पाणी, वर पांढरं पडलेलं आभाळ, खाली कोपऱ्यात कोणाची तरी अर्धी कापलेली छत्री. धबधबा मोठा होता, फोटोत मात्र किरकोळ दिसतो. यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. समोर उभं असताना मन आपल्याला हवं तेवढंच बघतं, बाकीचं सोडून देतं. कॅमेरा काहीच सोडत नाही. चौकटीत काय येईल, कुठे येईल आणि कशाशेजारी येईल हे आपणच ठरवावं लागतं, आणि हे ठरवणं म्हणजेच रचना.

ती शिकायला धबधब्यापेक्षा घराजवळची गल्ली किंवा शिवार बरं, असं माझं ठाम मत आहे. तिथं पुन्हा पुन्हा जाता येतं. तीच भिंत सकाळी आणि संध्याकाळी बघता येते. कालच्या फोटोत काय बिघडलं ते आज त्याच जागी उभं राहून सुधारता येतं. खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी चौकट, मग आपण उभं राहायची जागा, मग उजेड, त्यानंतर रेषा, नक्षी, रंग, आणि शेवटी माणसं. एकेका पायरीवर आठवडा-दोन आठवडे थांबा. सगळं एकदम करायला गेलात तर हाताशी काहीच लागत नाही.

पुठ्ठ्याची खिडकी

घरात जुनी लग्नपत्रिका असेलच. तिच्या जाड पुठ्ठ्यात ९ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच खिडकी कापा. बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ या प्रमाणात असतो, ते हेच प्रमाण. मोबाईलवर काढणार असाल तर ८ बाय ६ ची कापा, कारण मोबाईलचा फोटो सहसा ४:३ असतो. एक डोळा मिटून या खिडकीतून बघा. पुठ्ठा डोळ्याजवळ धरला की पुष्कळ दिसतं, हात लांब केला की थोडंच दिसतं. लेन्स रुंद की लांबची, हा सगळा फरक इथेच कळतो, एक पैसाही खर्च न करता.

आता सकाळी दुकानं उघडायच्या आधी गणपत गल्लीत किंवा तुमच्या गावच्या पेठेत एका जागी उभे राहा. जागा न सोडता पाच वेगवेगळ्या चौकटी शोधा. एक आडवी, एक उभी, एक नुसत्या दाराची, एक वरच्या सज्जाची, एक रस्त्यावरच्या सावलीची. फोटो काढायचा नाही, फक्त शोधायचं. पहिल्या दिवशी तिसरी चौकट सापडायलाच वेळ लागतो. चार-पाच दिवसांनी पाच कमी वाटू लागतात.

खिडकीतून बघताना विषयाकडे नंतर बघा, आधी चारही कडा बघा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने एक फेरी मारा. आपल्या गल्ल्यांत कडेनं काय काय घुसतं याची यादी सगळ्यांना पाठ आहे: विजेच्या तारा, फ्लेक्स, लावलेल्या दुचाकीचं हँडल, वळचणीचा पत्रा. यातलं एखादं चौकटीत हवं असेल तर पुरतं घ्या. नको असेल तर पुरतं काढा. हाताचा पंजा मनगटापाशी कापला जाणं किंवा बैलाचं एकच शिंग आत असणं डोळ्याला टोचतं, कारण बघणारा उरलेला भाग बाहेर शोधायला जातो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात जास्त जाणवते. इथं भिंतीभिंतीवर मराठी, कन्नड, इंग्रजी पाट्या असतात. चौकटीत अक्षर आलं की माणूस आधी ते वाचतो, मग बाकीचं बघतो. लिपी येत नसली तरी नजर तिकडेच जाते. दारात बसलेल्या आजीचा फोटो काढताना तिच्या मागे ‘येथे झेरॉक्स मिळेल’ असेल तर फोटो झेरॉक्सचा होतो. एक पाऊल सरका, नाहीतर आजीच्या डोक्यानं ती पाटी झाका. पाटीच विषय असेल तर मात्र तिला बिनधास्त मोठी घ्या.

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय रेघांच्या छेदावर ठेवायचा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू केलं की त्या रेघा दिसतात. सगळं मधोमध ठेवायची सवय मोडायला नियम चांगला आहे. त्यापलीकडे त्याला फार चिकटून राहू नका. ग्रिडचा खरा उपयोग क्षितिज आणि खांब सरळ ठेवायला होतो. आणि हो, मोबाईलची लेन्स सुती कापडानं पुसा. खिशातल्या घामानं आणि तेलानं निम्मे फोटो धुरकट येतात.

उभं राहायची जागा

झूम केल्यावर आपण जवळ गेलो असं वाटतं, पण तसं होत नाही. पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांचं एकमेकांशी नातं तुम्ही कुठे उभे आहात यावरच ठरतं. झूम फक्त त्यातला तुकडा मोठा करून दाखवतो.

हे पटायला येळ्ळूरच्या शिवारात जा. भाताच्या वाफ्यात काम करणारा शेतकरी पुढे आणि मागे राजहंसगड, अशी जागा शोधा. आधी शेतकऱ्याच्या अगदी जवळ जाऊन रुंद लेन्सनं फोटो काढा. माणूस मोठा येईल आणि गड मागे एवढासा होईल. आता बांधाबांधानं लांब मागे या आणि दोनपट किंवा तीनपट झूम लावून माणूस आधीएवढाच मोठा दिसेल असा फोटो काढा. गड त्याच्या डोक्यावर उभा राहिलेला दिसेल. दोन्ही फोटो खरे आहेत. पहिल्यात राबणारा माणूस मोठा, दुसऱ्यात त्याच्या मागचा गड. तुम्हाला यातलं काय सांगायचं आहे ते आधी ठरवा आणि मग पाय हलवा.

हा हिशेब अंगात मुरावा म्हणून महिनाभर एकाच लेन्सवर काम करा. मोबाईलचा साधा १x कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या रुंद लेन्ससारखा बघतो, २x हा जवळपास ५० मिलिमीटरसारखा. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिये-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बरंचसं काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केलं. मी शिकणाऱ्यांना २x सांगतो, कारण त्यात पसारा आपोआप कमी होतो आणि चालावं लागतं. ०.५x शक्यतो टाळा. त्यात कडेची माणसं ताणली जातात, आणि लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या मावशीला ते आवडत नाही.

उभं राहायच्या जागेइतकीच उंचीही महत्त्वाची. याचा सराव दिवाळीत करावा. आपल्याकडे पोरं मातीचे किल्ले करतात, बुरूज, तटबंदी, मावळे, सगळं मन लावून. मोठी माणसं उभ्या उभ्या वरून फोटो काढतात आणि किल्ला मातीचा ढीग दिसतो. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली जमिनीलगत येते, आणि मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. तोच बुरूज आभाळात शिरलेला दिसेल. मागे अंगणातली चप्पल आणि बादली दिसत असेल तर ती हलवा. किल्ला करणाऱ्या पोराला विचारून करा, त्यालाही मजा येते.

शटर दाबायच्या आधी एक सवय लावून घ्या: माणसाच्या डोक्यामागे काय आहे ते बघा. विजेचा खांब, झाडाचं खोड, मंदिराचा कळस डोक्यातून उगवलेला दिसतो. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की तो बाजूला होतो.

बेळगावचा उजेड

या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुस्तकांत दिलेला उजेड बहुतेक वेळा थंड देशांतला असतो. तिथं सूर्य दिवसभर तिरपाच राहतो. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १६ अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडचं गणित वेगळं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. असंच पुन्हा ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या आसपास होतं, पण तेव्हा ढग असतात म्हणून लक्षात येत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे एरवी दुपारी सावलीत राहणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतीला त्या दिवसांत दुपारी ऊन लागतं. एखाद्या देवळाची उत्तरेकडची नक्षी उजेडात बघायची असेल तर मेच्या अखेरीस, पाऊस यायच्या आधी जा.

डिसेंबरात याच्या उलट. भर दुपारीही सूर्य साधारण ५० अंशांपर्यंतच चढतो. उगवतोही पूर्वेपासून बराच दक्षिणेकडे सरकून. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्या भागातला फोटो शिकायचा सगळ्यात चांगला काळ. सकाळी सात ते दहा आणि दुपारी साडेतीनच्या पुढे तर उत्तम, पण मधल्या वेळेतही सावल्यांना लांबी असते. मार्च ते मे मात्र दहा ते चार या वेळेत उघड्यावर माणसांचे फोटो काढू नका. डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली सावली येते. माणसाला ओसरीत, सोप्यात किंवा दाराच्या आत दोन हात घ्या. अंगणातला उजेड परावर्तित होऊन चेहऱ्यावर येतो, आणि तो फार मऊ असतो.

उजेड कुठून येतो हे ओळखायला बेळगावच्या किल्ल्याची तटबंदी घ्या. उन्हाकडे पाठ करून भिंतीचा फोटो काढा, दगड सपाट दिसतील. मग भिंतीला घासून जाणारं ऊन असेल अशा वेळी त्याच जागी या. प्रत्येक दगडाची कड, टाकीचा प्रत्येक घाव वर येतो. तिसऱ्यांदा सूर्य भिंतीच्या मागे असताना या. भिंत काळी होईल, पण बुरुजावर उगवलेल्या गवताच्या कडा पेटलेल्या दिसतील. पोत दाखवायचा तर तिरपा उजेड, आकार दाखवायचा तर पाठीमागचा, आणि रंग दाखवायचा तर समोरचा. किल्ल्याच्या परिसरात आणि कॅम्पात लष्करी हद्द आहे. जिथं फोटोला मनाई लिहिलेली आहे तिथं मोबाईल खिशातच ठेवायचा.

किल्ल्यातली कमल बसदी आवर्जून बघा. इ. स. १२०४ च्या सुमारास, रट्ट राजांच्या काळात बांधलेलं हे जैन मंदिर. आत काळोख, आणि उजेड फक्त मोकळ्या बाजूनं आत येतो. घोटून गुळगुळीत केलेल्या खांबांवर तो उजेड उभ्या पट्ट्यांसारखा उतरतो. इथं फ्लॅश लावला की सगळं मातीमोल. खांबाच्या उजळ पट्टीवर बोट ठेवून फोकस घ्या, बोट तसंच दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड बांधला जातो, मग उजेड थोडा कमी करा. मागचा भाग काळा होऊ द्या. त्या काळ्यामुळेच खांबाचा गोलवा दिसतो.

हे उजेड कमी-जास्त करणं समजून घ्या, कारण कॅमेरा स्वतःहून समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाकडे ओढत असतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटातलं पावसाळी धुकं तो मळकट करून टाकतो. तिथं उजेड एक टप्पा वाढवा. उलट काळ्या दगडाची मूर्ती किंवा काळी म्हैस तो राखाडी करतो. तिथं एक टप्पा कमी करा. मोबाईलवर बोट ठेवल्यावर बाजूला जी सूर्याची खूण येते ती वर-खाली सरकवली की हे काम होतं.

धुक्याचा रचनेलाही मोठा उपयोग आहे. ते मागचा पसारा पुसून टाकतं आणि डोंगरांचे एकामागे एक थर वेगळे करतं. जवळचं झाड गडद, त्यामागचं फिकं, त्यामागची कड आणखी फिकी. असे तीन थर चौकटीत आले की सपाट कागदावर खोली दिसायला लागते. डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक तपशील जाऊन नुसते गडद आणि उजळ ठोकळे उरतात. ते ठोकळे एकमेकांत मिसळत नसतील तर रचना उभी राहते.

रेषा

उजेड कळायला लागला की त्यानं काढलेल्या रेषा दिसायला लागतात. जून-जुलैत रोप लावणीच्या वेळी खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात भाताच्या वाफ्यांचे बांध बघा. पाण्यात आभाळ, आणि मधून वळत जाणारी मातीची रेघ. ही रेघ नजरेला कुठेतरी घेऊन जाते, म्हणून तिच्या शेवटी काहीतरी असायला हवं: वाकून रोप लावणाऱ्या बायका, एखादं खोपटं, नाहीतर एकटं झाड. रेघ नुसतीच चौकटीबाहेर निघून गेली तर बघणारासुद्धा तिच्याबरोबर निघून जातो. बांध चौकटीच्या बरोबर कोपऱ्यातून सुरू करू नका. कोपऱ्यापासून थोडा अलीकडे किंवा पलीकडे घ्या.

शहापूर, वडगाव, खासबाग भागात अजून मागांचा आवाज येतो. मागावर ताणलेले हजारो धागे म्हणजे रेषांची शाळाच आहे. बरेचजण समोर उभे राहून पूर्ण माग चौकटीत बसवायला बघतात आणि यंत्रांचा गुंता घेऊन येतात. त्याऐवजी धाग्यांच्या पातळीवर खाली वाका, धागे चौकटीत तिरपे येऊ द्या, आणि जिथं ते एकत्र येतात तिथं विणकराचा हात किंवा चेहरा ठेवा. खिडकी एकाच बाजूला असते, त्यामुळे उजेड बहुधा आयताच तिरपा मिळतो. खोली लहान असते, माग चालू असतो. पदर, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, दुपट्टा सांभाळा आणि मालकाची परवानगी आधी घ्या.

रूळ हा रेषांचा फार सोपा विषय म्हणून पोरं लोंढा जंक्शनकडे किंवा शहरातल्या फाटकांपाशी रुळात उतरतात. तसं करू नका. तो गुन्हाही आहे आणि जीवही जातो. पादचारी पुलावरून रूळ जास्त चांगले दिसतात.

मधोमध रचना कधी करावी? जिथं दोन्ही बाजू खरोखर सारख्या आहेत तिथं. कमल बसदीच्या मंडपाच्या छतात उमललेलं दगडी कमळ आहे. त्याच्या बरोबर मध्याखाली रुमाल पसरा, मोबाईल स्क्रीन खाली आणि लेन्स वर अशी ठेवा, टायमर लावा आणि बाजूला व्हा. हातात धरून वर मान करून काढलेल्या फोटोत मध्य नेहमी चुकतो, आणि अशा रचनेत बोटभर चूकही डोळ्याला बोचते. खानापूर तालुक्यातल्या हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर कदंबांच्या काळातलं आहे आणि त्यात दोन गर्भगृहं समोरासमोर आहेत. मंडपात उभं राहून एका बाजूच्या खांबांच्या आणि दारांच्या चौकटीतून आतला अंधार बघा. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी एक चौकट. गाभाऱ्यातल्या मूर्तीचा फोटो पुजाऱ्यांनी हो म्हटलं तरच.

समतोल शिकायला रोजचं अंगणही पुरतं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरातल्या काकूंशेजारी बसा आणि त्या ठिपके किती अंतरावर टाकतात, मध्य कसा धरतात, रंग एका बाजूला जड झाला तर दुसऱ्या बाजूला काय करतात ते बघा. त्यांना हे सगळं हातात बसलेलं असतं. रांगोळी पूर्ण झाल्यावर सगळे फोटो काढतात. मला अर्धी झालेली रांगोळी आणि चिमटीतून पडणारी रेघ जास्त आवडते.

नक्षी आणि तिचा खंड

एकच आकार पुन्हा पुन्हा आला की नक्षी होते. खानापूरकडे कुंभारांच्या अंगणात वाळत घातलेली मडकी, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची पानं, अथणीत ओळीनं ठेवलेल्या कातडी चपला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राबरोबर बेळगावसह कर्नाटकातलेही चार जिल्हे घेतले गेले. तेव्हा चपलेचा विषय आपल्या घरचाच. नक्षीच्या फोटोत चारही कडा आकारांनी भरलेल्या ठेवा, म्हणजे ते पुढेही चालूच आहेत असं वाटतं. मग त्यात एक खंड शोधा. शंभर मडक्यांत एक पालथं, चपलांच्या ओळीत कारागिराचा हात. खंड नसेल तर फोटो कापडाच्या डिझाईनसारखा होतो. कधीकधी तेवढंही पुरतं, पण बघणारा लवकर पुढे जातो.

रंग

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर आणि चिंचलीच्या मायक्काच्या यात्रेत भंडाऱ्यानं जमीन, पायऱ्या, कपाळं, सगळं पिवळं होतं. पहिल्यांदा गेलेला माणूस पिवळ्यानं भारावून जातो आणि सगळीकडे पिवळं असलेले फोटो घेऊन येतो. पिवळा खुलतो तो निळ्या किंवा जांभळ्या रंगाशेजारी. पिवळ्या गर्दीत एक निळं लुगडं शोधा, किंवा खाली बसून उधळलेला भंडारा स्वच्छ निळ्या आभाळावर घ्या. चौकटीत दोन, फार तर तीन रंग ठेवा. लाल प्लॅस्टिकची खुर्ची मागे आली की ती सगळं लक्ष खाते.

उधळलेला भंडारा हवेत थांबवायचा तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास हवं. उधळणाऱ्या हातांमागून ऊन येत असेल तर प्रत्येक कण चमकतो. मोबाईलवर बटण दाबून धरून सलग फोटो काढा आणि नंतर निवडा. कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी बांधून लेन्सपुरतं भोक ठेवा, हळदीची पूड आत गेली तर निघत नाही.

यात्रेत एक मर्यादा पाळायलाच हवी. अंगात आलेल्या बाईचा, आंघोळ करणाऱ्यांचा, नवस फेडताना रडणाऱ्यांचा फोटो काढू नका, कितीही चांगली चौकट दिसली तरी.

आता गोकाक

एवढं झाल्यावर धबधब्याकडे जा. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, आणि कड्याची कड घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे. इथं १८८७ मध्येच पाण्यावर वीज केली गेली. कड्याशेजारची सूतगिरणी, झुलता पूल आणि जुनं मंदिर इथं एकाच नजरेत येतात, आणि नेमकी इथेच रचनेची परीक्षा होते. सगळं एका चौकटीत कोंबलं तर काहीच मोठं दिसत नाही.

आधी ठरवा: उंची दाखवायची आहे की जोर? उंचीसाठी चौकट उभी धरा आणि मोजमापाला माणूस घ्या. समोरच्या काठावर, सुरक्षित जागी उभा असलेला एक माणूस, चौकटीच्या विसाव्या भागाएवढा लहान, तरी स्पष्ट. त्याच्या शर्टाचा रंग खडकापेक्षा वेगळा हवा. पांढरं आभाळ जवळपास सगळं कापून टाका, कारण पावसाळी आभाळ पाण्यापेक्षा उजळ असतं आणि नजर वर खेचतं. जोरासाठी उलट करा: लांबची लेन्स लावून कड ओलांडणाऱ्या पाण्याचा एकच तुकडा घ्या, वर आभाळ नाही, खाली जमीन नाही.

शटरचा वेगही रचनेचाच भाग आहे. जुलै-ऑगस्टात पाणी गढूळ आणि जाड असतं. तेव्हा ते १/५०० वर घ्या, म्हणजे त्याचे लोट दिसतील. रेशमासारखं पांढरं पाणी करायच्या नादात या दिवसांत नुसता तपकिरी पडदा हाती येतो. ऑक्टोबरनंतर पाण्याच्या बारीक धारा उरतात, तेव्हा १/४ सेकंद चांगला, कॅमेरा दगडावर टेकवून. कड्याच्या ओल्या खडकावर मात्र पुढे जाऊ नका. पुलावर जाऊ देत नसतील तर वाद घालू नका, काठावरून पूल जास्त चांगला दिसतो.

उन्हाळ्यात हिडकलच्या जलाशयात पाणी खाली गेलं की एरवी बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं. तिथं गोकाकच्या उलट अभ्यास करा. चौकटीचा मोठा भाग रिकामा ठेवा, भेगाळलेली जमीन किंवा सपाट पाणी, आणि मंदिर लहान, एका बाजूला. रिकाम्या जागेला घाबरून जवळ जाऊ नका.

माणसं

माणसांचे फोटो शेवटी घेतले कारण तिथं चौकट, जागा, उजेड हे सगळं विचार न करता जमावं लागतं. लक्ष माणसाकडे असायला हवं.

आठवडी बाजारात गेलात तर फिरत बसू नका. उजेड आणि मागची भिंत चांगली असलेली एक जागा निवडा आणि थांबा, माणसं येतील. विक्रेत्याकडे आधी भाजी घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा, “काकू, एक फोटो काढू का?” कन्नड बोलणाऱ्या अक्का असतील तर “अक्का, ओंद फोटो तगीलेन्री?” एवढं पुरतं. नको म्हणाल्या तर हसून पुढे जा. हो म्हणाल्या की त्या सरळ ताठ बसतात. तो फोटो काढा, कारण तो त्यांचा आहे. मग थांबा. गिऱ्हाईक आलं, तराजू उचलला, की तुमचा फोटो येतो.

वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर रात्री निघणारी बेळगावची चित्ररथ मिरवणूक म्हणजे अवघड परीक्षा. रात्र, ध्वनिक्षेपक, गर्दी, आणि देखाव्यावर एका बाजूनं पडलेला झगझगीत दिवा. मिरवणुकीमागे धावू नका. संध्याकाळीच गल्लीत जाऊन मागे फ्लेक्स नसलेली, काळोखी भिंत किंवा जुना लाकडी सज्जा असलेली जागा बघून ठेवा. जमलं तर कोणाला तरी विचारा, “काका, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभा राहू का?” तिथून तीन थर मिळतात: पुढे बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, मध्ये देखावा, मागे सज्जातल्या बायका. उजेड देखाव्यातल्या चेहऱ्यावर बांधा, बाकी काळं गेलं तरी चालेल. कॅमेरा असेल तर आयएसओ (कमी उजेड टिपायची क्षमता) १६०० ते ३२००, शटर १/१२५ च्या खाली नको, लेन्स पूर्ण उघडी. चित्ररथ तुमच्या चौकटीत येईपर्यंत हात खाली घेऊ नका, आणि पुढे गेल्यावरही दोन मिनिटं थांबा. भाला खाली ठेवून पाणी पिणारा मावळा बहुधा त्याच वेळी दिसतो.

निवड

घरी आल्या आल्या फोटो पुसू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग सगळे बोटाच्या नखाएवढे लहान करून बघा. त्या आकारात ज्याची रचना कळते तोच पुढे घ्या. शंका असेल तर फोटो आडवा उलटा करा, म्हणजे डावी बाजू उजवीकडे येईल. कुठली बाजू जड झाली आहे ते लगेच दिसतं. रंगावर भाळलात का, हे तपासायला तात्पुरता काळा-पांढरा करा. स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्ये हे सगळं होतं. कापायचं तर कडा साफ करण्यापुरतं कापा. निम्मा फोटो कापावा लागला तर तुम्ही चुकीच्या जागी उभे होता, आणि तिथं पुन्हा जाता येतं.

महिन्याच्या शेवटी बारा फोटो निवडून ४ बाय ६ इंचाचे प्रिंट काढून घ्या. खाटेवर पसरा आणि घरातल्या फोटो न काढणाऱ्या माणसाला बोलवा. तो आधी कुठे बघतो तेवढंच विचारा, आवडला का ते विचारू नका. तुम्हाला जे दाखवायचं होतं त्याऐवजी तो दुसरंच काही सांगत असेल, तर प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा: कुठे काढला, किती वाजता, उजेड कुठून होता, आणि नजर कशानं पळवली. पुढच्या महिन्यात त्या जागी जाताना हे प्रिंट बरोबर न्या आणि त्याच वेळेला पोहोचा.